ऑक्सफर्ड त्या चित्रपटात नाही

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत गेल्या काही वर्षांतल्या परदेशी सिनेमांवर पानभर लेख आला. निवड चांगली होती, छायाचित्रेही मोठी होती. त्याबद्दल आभार मानून मुद्द्यावर येतो.

'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटातला बाप मुलाचे बनावट कागद बघून ऑक्सफर्डचे नाव घेतो, एवढ्या एका वाक्यावर लेखकमहाशयांनी दीड रकाना खर्ची घातला आहे. अर्ध्या तळघरात राहणाऱ्या कोरियन माणसालाही स्वप्ने पडतात ती गोऱ्यांच्या विद्यापीठाची, गुलामी मनातून जात नाही, वगैरे वगैरे. (कोरियावर 1910 ते 1945 या काळात राज्य केले ते जपानने. पण ते असो.) विवेचन वाचनीय आहे. अडचण एवढीच, की ऑक्सफर्ड त्या चित्रपटात नाही. बापाचे काम करणाऱ्या सोंग कांग-हो यांच्या तोंडी जो शब्द आहे तो 'सोउलदे', म्हणजे सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे बोलण्यातले छोटे रूप. तिथे कागदपत्रे बनावट करण्याचा वेगळा विभाग आहे की काय, असा तो विनोद. ऑक्सफर्ड घातले इंग्रजी सबटायटल्स लिहिणाऱ्या डार्सी पॅकेट यांनी. बाहेरच्या प्रेक्षकाला पुढचे वाक्य येण्याआधी हसू फुटायला हवे आणि पडद्यावर तळटीप देता येत नाही. अनुवादक म्हणून त्यांचे बरोबरच आहे. पण त्यांच्या शब्दावरून कोरियन समाजाचे निदान करायचे, म्हणजे फोटो एकाचा आणि पत्रिका दुसऱ्याची पाहण्यासारखे झाले.

त्याच लेखात 'राम-डॉन' या 'कोरियाच्या पारंपरिक पदार्थाचा' उल्लेख आहे. हाही शब्द कोरियनमध्ये नाही. 'रामेन' आणि 'उदोन' जोडून तो सबटायटल्ससाठी घडवला गेला. श्रीमंत घरच्या मालकीणबाई फोनवर सांगतात ते 'चापागुरी': चापागेटी आणि नोगुरी या दोन झटपट नूडल्सची पाकिटे एकत्र शिजवून होणारे स्वस्तातले खाणे. त्या त्यावर उंची गोमांसाचे तुकडे घालायला सांगतात. पाकिटातल्या शेवयांवर महागडे मांस, यातच त्या घराचे वर्णन आहे. तो पदार्थ 'पारंपरिक' ठरवला की प्रसंगातली हवाच गेली.

सबटायटल म्हणजे संवादाची नक्कल नव्हे, हे चित्रपटांवर लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवे. रूढ प्रमाण असे: एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, रोमन लिपीत ओळीला साधारण 42 अक्षरे, मोठ्या माणसाच्या वाचनाचा वेग सेकंदाला 17 ते 20 अक्षरे. दोन्ही ओळी भरल्या तर 84 अक्षरे होतात आणि ती वाचायला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात भांडणारी दोन माणसे याच्या दुप्पट बोलून मोकळी होतात. मग काय गाळायचे? आधी संबोधने जातात, मग 'अगं', 'बरं का', 'हो ना' असली भरीची पण नात्याचा पोत दाखवणारी बोलणी जातात, आणि शेवटी अर्धे वाक्य. (देवनागरीची आणखी एक गंमत. 'क्षि' हे डोळ्याला एक अक्षर, पण संगणक त्याची चार चिन्हे मोजतो. रोमनची मर्यादा जशीच्या तशी मराठीला लावली, तर काहीच न लांबवता ओळ लांब ठरते.)

मराठी वाचकाचे खरे नुकसान आणखी पुढे होते. कोरियन किंवा जपानी चित्रपटाची तिसऱ्या भाषेतली सबटायटल्स बऱ्याचदा मुळावरून न करता इंग्रजी मसुद्यावरून करतात. कोरियनमध्ये क्रियापदाच्या शेवटावरून कळते की बोलणारा समोरच्याला मान देतो आहे की अरेतुरे करतो आहे. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'वू', जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी'. मराठीत तू, तुम्ही, आपण हे सगळे हाताशी आहे. पण मधल्या इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? 'पॅरासाइट'मध्ये जुनी मोलकरीण नव्या मोलकरणीला गयावया करताना 'ऑन्नी' म्हणते. बाईने थोरल्या बहिणीला किंवा वयाने मोठ्या बाईला मारायची ही हाक. नव्या मोलकरणीविरुद्ध पुरावा हातात आल्यावर तीच बाई त्या हाकेवर उलटते. मराठीत 'ताई' हा शब्द यासाठी आयता तयार आहे. लेखात या प्रसंगाला 'दोन नोकरांची झटापट' म्हटले आहे.

आता 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' या फ्रेंच चित्रपटाकडे येऊ. लेखक म्हणतात, नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेली सँड्रा कोर्टात सुरुवातीपासून इतकी अस्खलित बोलते की तिच्याबद्दल सहानुभूती वाटत नाही. हे वाक्य वाचून एकच निष्कर्ष निघतो: त्यांनी डब केलेली आवृत्ती पाहिली. सँड्रा जर्मन, नवरा फ्रेंच, घरात दोघे इंग्रजी बोलतात कारण ती दोघांचीही नाही. कोर्ट फ्रेंच. ती फ्रेंचमध्ये सुरुवात करते, शब्द अडतात, आणि शेवटी इंग्रजीत बोलू द्या म्हणते. नवराबायकोच्या भांडणाचे जे ध्वनिमुद्रण कोर्टात वाजवले जाते त्यात घरात कोणाची भाषा चालते हाच वादाचा एक मुद्दा आहे. डबिंगमध्ये तिन्ही भाषांची एक भाषा होते आणि बाई कोणत्या पायावर उभी आहे ते दिसेनासे होते. ही भूमिका करणाऱ्या सांड्रा ह्यूलर यांच्या अभिनयाचा निम्मा भाग त्या अडखळण्यात आहे.

जाता जाता: हा चित्रपट 'ऑस्करच्या परदेशी विभागात हरला' असेही छापले आहे. तो त्या विभागात नव्हताच. तेव्हा देशाला एकच चित्रपट पाठवता येत होता आणि फ्रान्सने त्या वर्षी दुसरा पाठवला. त्याला ऑस्कर मिळाले ते मूळ पटकथेसाठी. शिवाय 2019 पासून विभागाचे नाव 'आंतरराष्ट्रीय चित्रपट' असे आहे.

डबिंगला सरसकट नाव ठेवायचे नाही. ज्याला वाचणे जमत नाही किंवा डोळ्यांचा त्रास आहे त्याच्यासाठी ती सोयच आहे. पण डबिंगचा लेखक अर्थाच्या आधी ओठ बघतो. मूळ नटाचे ओठ मिटतात तिथे प, ब, म यांपैकी काही यावे लागते, आणि वाक्य तेवढ्याच वेळात संपावे लागते. त्यामुळे शब्द बदलतात. पुढचा घोटाळा असा, की काही वेळा सबटायटल्स म्हणून हीच डबिंगची संहिता दिली जाते. ओळखायची खूण सोपी आहे. पात्राने दोन शब्द उच्चारले आणि खाली सहा आले, किंवा कानाला स्पष्ट ऐकू आलेले नाव ओळीत नाही, की समजावे. अशा वेळी सबटायटल्सच्या यादीत 'सीसी' (कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची सबटायटल्स) नसलेला पर्याय घ्यावा आणि आवाजाच्या यादीत ज्या भाषेपुढे 'ओरिजिनल' लिहिलेले असते ती निवडावी. ॲप आधीची निवड लक्षात ठेवते, म्हणून प्रत्येक चित्रपटाला हे तपासावे लागते.

'ड्राइव्ह माय कार' या जपानी चित्रपटावरचा शेरा तर ठेवणीतला आहे: 'तालमीत सगळे सपाट वाचतात, दिग्दर्शकाला अभिनय करून घेता आलेला नाही.' अहो, तालमीत भावना न आणता वाचायचे, हीच त्या नाट्यदिग्दर्शकाची पद्धत आहे आणि ती चित्रपटात सांगितलेली आहे! चित्रपटाचे दिग्दर्शक हामागुची यांची स्वतःचीही तीच पद्धत. जपानी, कोरियन, मँडरिन आणि कोरियन खुणांची भाषा बोलणारे नट चेकॉव्हचे 'अंकल वान्या' हे एकच नाटक करतात. समोरच्याचे शब्द कळत नसताना ऐकायचे कसे, यावर तो 179 मिनिटांचा चित्रपट उभा आहे. शेवटी नाटकातल्या 'सोन्या' या मुलीचे भाषण खुणांत होते तेव्हा ना डबिंग कामाला येते, ना घाई.

'झोन ऑफ इंटरेस्ट'मध्ये 'काही घडत नाही' म्हणे. जे घडते ते भिंतीपलीकडच्या ऑशविट्झ छळछावणीत आणि आवाजात घडते. त्याला ध्वनीचे ऑस्कर आहे. फोनच्या स्पीकरवर तो पाहिला तर खरोखरच काही घडत नाही.

मागणी माफक आहे. परीक्षणाखाली एक ओळ छापा: आवाज कोणत्या भाषेत ऐकला, सबटायटल्स कोणत्या, पडदा केवढा. 'पर्फेक्ट डेज'सारख्या 1.33 प्रमाणात (रुंदी उंचीच्या 1.33 पट) चित्रित केलेल्या चित्रपटासाठी टीव्हीचा झूम बंद होता का, हेही लिहा. रुंद पडदा भरायला गेले की वरखालची मिळून चौथाई चौकट कापली जाते. आपल्या पानावरच्या छायाचित्रातला त्याचा नायक कोजी याकुशो तर आडवाच ताणला होता. टोकियोत स्वच्छतागृहे साफ करून माणूस एवढा जाड होत नसावा.

आणि शेवटचे. 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बोंग जून-हो यांच्या नावात बोंग हे आडनाव आहे. कोरियन रीतीने ते आधी येते, आणि 'जून-हो' हे मिळून एक नाव. लेखात मात्र पहिल्या परिच्छेदापासून 'हो यांचे दिग्दर्शन', 'हो यांची शैली' चालू आहे. 'अशा वेळी हो म्हणतात' या वाक्यापाशी वाचकाने काय करायचे? कोणी, कोणाला आणि कशाला होकार दिला, ते पुढचे चार परिच्छेद वाचूनही कळले नाही.

आपला,
एक नियमित वाचक