मॉनिटर घेताना इंच नको, अनुस्वार बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आखाजीनंतरच्या लग्नसराईत माझ्या हातून एक पत्रिका चुकली. वराच्या आजोबांचं नाव ‘शांताराम’, आणि चारशे प्रती छापून आल्या त्या ‘शाताराम’ अशा. गठ्ठा न्यायला आलेल्या बाईंनी उभ्या उभ्या पत्रिका वाचली आणि एवढंच म्हणाल्या, “ताई, आप्पानं नाव चुकी गयं.” आप्पा दोन महिन्यांपूर्वीच गेलेले होते. पत्रिका मी माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. चूक माझीच होती, पण ती का झाली हे शोधताना जे कळलं ते आपल्या वाचकांपर्यंत जावं म्हणून हे पत्र.

अमळनेरला घराच्या पुढच्या खोलीत मी १९९८ पासून डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईची पानं लावण्याचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, दशक्रियेचे कार्ड, कधी अहिराणी कवितांचं पुस्तक. पहिला मॉनिटर १५ इंची सीआरटी, जुन्या टीव्हीसारखा खोल डब्याचा. म्हणायला १५, दिसणारी काच १४ इंचांच्या आतच. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र उमटताना, तो थरथरायचा, ८५ वर नेला की डोळ्यांना बरं वाटायचं. २००७ मध्ये १७ इंची चौकोनी, चपटा एलसीडी आला, १२८० बाय १०२४ पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके), आणि त्याने मला तब्बल १७ वर्षं साथ दिली. शेवटी शेवटी पडदा पिवळट पडला. सकाळी सुरू केला की उजळायला पाच मिनिटं लागायची, कारण आतली दिव्याची नळी थकली होती.

नवा घ्यायला जळगावला गेले. चार दुकानं फिरले. सगळीकडे पडद्यावर धबधबे, रंगीत मासे, मोटारींची शर्यत. मी म्हटलं, “भाऊ, यावर मराठी मजकूर कसा दिसतो ते दाखवा ना.” उत्तर मिळालं, “ताई, २७ इंची आहे, १६५ हर्ट्झ आहे, अजून काय पाहिजे?” मोठा पडदा म्हणजे अक्षर चांगलं दिसणार, असं मलाही वाटलं. घेऊन आले.

त्या मॉनिटरचे पिक्सेल होते १९२० बाय १०८०. आता हा हिशेब बघा (मॉनिटरचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात). माझ्या जुन्या १७ इंचीची रुंदी साधारण सव्वातेरा इंच, तिच्यात १२८० पिक्सेल, म्हणजे एका इंचात ९६. नव्याची रुंदी साडेतेवीस इंच, तिच्यात १९२० पिक्सेल, म्हणजे इंचाला ८२ सुद्धा भरत नाहीत. १७ वर्षांनी पैसे मोजून मी आधीपेक्षा जाडाभरडा पडदा घरी आणला होता. उभ्या बाजूला तर १०२४ चे १०८० झाले, वाढ फक्त ५६ पिक्सेलची. आणि मी मात्र ‘आता पूर्ण पान एकदम दिसतं’ या समाधानात झूम न करताच प्रूफ वाचत होते. पान खिडकीत मावेल एवढं लहान केलं की अनुस्वाराच्या वाट्याला एखाद-दुसरा पिक्सेल येतो, आणि तो नसला तरी नजर ‘शांताराम’ असंच वाचून मोकळी होते. प्रूफ गिऱ्हाईकाला व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, मोबाईलच्या इवल्या पडद्यावर त्यांनीही होकार दिला. पूर्वी मी कागदावर प्रूफ काढून द्यायचे. ती सवय आता पुन्हा लावून घेतली आहे.

इंग्रजी अक्षर खडबडीत पडद्यावर चालून जातं. आपल्या अक्षराला डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. ‘रु’ आणि ‘रू’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक एवढ्याशा वळणाचा असतो. मराठीत काम करणाऱ्याने पडदा किती मोठा हे नंतर विचारावं, आधी इंचात किती पिक्सेल ते विचारावं.

तो मॉनिटर मी भाच्याला देऊन टाकला, त्याला खेळायला चांगला आहे. हर्ट्झचा उपयोग तिथेच. सीआरटीचं चित्र सतत विझून पुन्हा उमटायचं, म्हणून तिथे हर्ट्झ कमी पडले की डोळे दुखायचे. एलसीडीत मागचा दिवा जळतच असतो, त्यामुळे टायपिंगला ६० किंवा ७५ पुरेसे होतात. मी नंतर २७ इंचीच घेतला, पण २५६० बाय १४४० चा, इंचाला १०९ पिक्सेल. ए-फोरची दोन पानं खऱ्या आकारात शेजारी शेजारी मावतात. २४ इंचीची उंची जेमतेम ए-फोरएवढी, मेनूची पट्टी आली की पान कापलं जातं. २७ इंचातच फोर-के (३८४० बाय २१६० पिक्सेलचा) आणखी रेखीव दिसतो, पण मला पानं लावायला अजून पेजमेकर उघडावं लागतं, आणि २००१ सालच्या त्या सॉफ्टवेअरचे मेनू त्यावर मुंगीएवढे होतात. पडद्याचा प्रकार, म्हणजे पॅनल, आयपीएस बघून घेतला. स्वस्तातल्या टीएन प्रकारात मान हलली की रंग बदलतो.

दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. एक, स्टँड खालीवर होतो का. माझ्यासारखा लांबचा आणि जवळचा असा दोन भिंगांचा चष्मा असेल तर पडदा उंच असला की खालच्या भिंगातून बघायला मान मागे टाकावी लागते आणि संध्याकाळी मानेला रग लागते. दुसरी, आपल्या जुन्या कॉम्प्युटरला मॉनिटरची केबल लावायचं कोणतं तोंड आहे. निळं व्हीजीए नव्या मॉनिटरला बऱ्याचदा नसतंच. काही जुन्या मदरबोर्डांचं एचडीएमआय १९२० बाय १२०० च्या पुढे जात नाही, माझं तसंच निघालं. डिस्प्लेपोर्टची केबल लावली तेव्हा कुठे पडदा पूर्ण चालला.

माझी चूक पैसे भरून दुरुस्त झाली. पण सेतू केंद्रात, ग्रामपंचायतीत, शाळेच्या कार्यालयात दिवसभर लोकांची नावं टाइप करणारी मुलं-मुली कोणत्या पडद्यावर काम करतात? जन्मदाखल्यातला, शाळा सोडल्याच्या दाखल्यातला एक अनुस्वार गेला तर त्या माणसाला किती हेलपाटे पडतात, हे खान्देशात गावोगावी लोकांना माहीत आहे. तिथली खरेदी करणाऱ्यांनीही इंचांपलीकडे बघावं.

दिवाळीत आपल्या दैनिकात मॉनिटरच्या जाहिराती येतात. त्यात इंच आणि हर्ट्झ ठळक असतात. पिक्सेलचे दोन आकडे आणि स्टँड खालीवर होतो की नाही, एवढंही छापायला आपण जाहिरातदारांना सांगावं, ही विनंती. आणि दुकानदार बंधूंनी मासे दाखवणाऱ्या पडद्यांपैकी एकावर तरी मराठी मजकुराचं पान उघडून ठेवावं. दुसरा मॉनिटर घ्यायला जाताना मी पेनड्राइव्हमध्ये स्वतःचं पान घेऊन गेले होते. त्यावर लहान टायपात एवढंच होतं: चि. सौ. कां., शुभाशीर्वाद, ज्येष्ठ शुद्ध द्वितीया, दुसऱ्या, गुरू, गुरुवार, शांताराम.

आपली वाचक,
एक डीटीपी ऑपरेटर, अमळनेर (जि. जळगाव)