गाठ लागत नाही, तरी मान?

मँचेस्टर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अण्णांच्या तुकडा-तपासणीचा रिपोर्ट वाचला. डाव्या गालाच्या आत कॅन्सर, दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे वेळेत सापडलंय. तुझं म्हणणं, स्कॅनमध्ये मानेत काही नाही, हाताला गाठ लागत नाही, मग मिरजेचे डॉक्टर मान कशाला उघडतायत? वर 'इंग्लंडात नुसत्या लाईटवर (म्हणजे रेडिएशनच्या किरणांवर) बरं करतात' हेही कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय.

ते अर्धवट खरं आहे. आमच्याकडे मशीनवर येणाऱ्या बऱ्याच जणांचा कॅन्सर टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा असतो आणि त्यामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. बिघडलेल्या पेशीला आवर घालणारं पी-५३ नावाचं एक जनुक असतं. विषाणू त्यातून बनणारं प्रथिन नष्ट करतो, जनुक मात्र शाबूत राहतं. तंबाखू-सुपारीनं झालेल्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा जनुकच बिघडलेलं असतं. विषाणूचा आजार किरणांना लवकर दबतो, त्याचं हे एक कारण मानतात. अण्णांच्या गालाला तो हिशेब लागू नाही. तिथे ऑपरेशनच आधी. इथेही तेच केलं असतं.

आता मान. गालातला आजार मानेतल्या लसिका ग्रंथींत उतरतो, आणि सुरुवातीला इतका बारीक असतो की स्कॅनलाही सापडत नाही. ग्रंथी आधीच काढायच्या की गाठ आल्यावर, यावर जगभरचे सर्जन वर्षानुवर्षं वाद घालत होते. तो वाद बराचसा मिटला आपल्या परळला! टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी अण्णांसारख्याच, लवकर सापडलेल्या रुग्णांचे दोन गट केले. २०१५ साली निष्कर्ष छापून आले: ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आमचे सर्जन आजही त्याचा दाखला देतात. तेव्हा अण्णांना इकडे आणायचा विचार सोड.

खांदा मात्र काही महिने जड राहील. खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस तिथूनच जाते. ती जपतात, तरी दुखावते. व्यायाम पहिल्यापासून करायला लाव, अण्णा टाळाटाळ करतील.

वहिनी म्हणाली, तंबाखू सोडली, आता 'नुसती सुपारी' असते तोंडात. दादा, ती पुडी आजच फेकून दे! सुपारी एकटीही कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते २००४ मध्येच जाहीर केलंय. अण्णांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, तेही तिचंच काम. आणि एवढी वर्षं गालाचं सगळं अस्तर त्यात मुरलंय; एक जागा कापली तरी शेजारी दुसरी उठू शकते.

दातांच्या डॉक्टरांना आत्ताच दाखव. पुढे लाईट द्यावी लागली तर किडके दात आधी काढलेले बरे. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

लाईट लागेल का, हे ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर ठरेल. त्यात तीन गोष्टी बघ: आजार किती मिलिमीटर खोल गेला, कापलेली कड साफ आहे का, आणि ग्रंथीत सापडला तर तिचं आवरण फोडून बाहेर आलाय का. आवरण फुटलं असेल किंवा कड साफ नसेल, तर लाईटसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषधही देतात. रिपोर्ट आला की सगळी पानं पाठव, मागच्या वेळेसारखं फक्त पहिलं नको.

आईला सांग, रविवारी फोन करते.

तुझी,
सुमा