तुलुमच्या दोन खिडक्या

टॅम्पा, फ्लोरिडा
१४ फेब्रुवारी

प्रिय नंदू,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी कामावर होतो, त्यामुळे धड बोलता आलं नाही. तिकिटं झाली, वहिनींची रजाही मंजूर झाली हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! आज जेवण आटोपल्यावर निवांत लिहायला बसलो आहे. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरायला होतं, आणि हे सगळं वहिनींच्याही हातात असावं असं वाटतं.

एप्रिलमध्ये आपलं जहाज इथूनच, टॅम्पाच्या बंदरातून सुटेल. स्कायवे पुलाखालून बाहेर पडताना आपण तिघं वरच्या डेकवर उभे असू. मधला एक अख्खा दिवस नुसतं पाणी. मग मेक्सिकोचं कोझुमेल बेट. तिथं जहाज दिवसभर थांबतं. बहुतेक लोक त्या दिवशी पुळणीवर पडून राहतात किंवा बाजारात फिरतात. आपण मात्र सकाळी उतरल्याबरोबर फेरीबोटीने समोरच्या किनाऱ्यावर, प्लाया देल कार्मेनला जायचं, आणि तिथून बसने तासाभरावर असलेल्या तुलुमला. माया लोकांचं समुद्रकाठचं तटबंदीचं शहर. आता एवढी यातायात कशासाठी, ते आधी सांगतो. तयारीचं मागाहून.

सहा वर्षांपूर्वी मी एकटाच तिथे जाऊन आलो, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा काही वाचून गेलो नव्हतो. आमची बस वाटेत एका हस्तकलेच्या दुकानापाशी पाऊण तास थांबवली, आणि प्रत्यक्ष तुलुममध्ये हातात जेमतेम तास उरला. त्या तासात मी फोटो काढत सुटलो. देवळांचे, घोरपडीएवढ्या इग्वानांचे, निळ्या पाण्याचे. घरी परतल्यावर एका पुस्तकात वाचलं, की तिथल्या सगळ्यात मोठ्या इमारतीच्या माथ्यावरच्या देवळाला समुद्राच्या बाजूने दोन छोट्या खिडक्या आहेत. काही अभ्यासकांच्या मते रात्री त्यांच्यामागे दिवे ठेवत असावेत. किनाऱ्यासमोर पाण्याखाली प्रवाळाची रांग आहे आणि तिच्यात एके ठिकाणी फट आहे. होडीतून एकच उजेड दिसला तर आपण वाटेच्या बाजूला आहोत. दोन्ही एकदम दिसले की समोर फट, खुशाल आत यावं.

मी तेव्हाच मालवणला फोन लावला आणि आबांना हे सांगितलं. तू बाजारात गेला होतास. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोनय खुणो एकार एक इल्यो काय होडी आत घालूची. तेंकाय ह्या म्हायत होता तर!" त्यांचा आवाज अजून कानात आहे. आपल्या गावाचाच कोणी माणूस दूर कुठेतरी भेटावा, तसा आनंद होता त्यात. आणि लगेच विचारलं, "पाण्याचो रंग खंय बदलता, ता बघलंस काय?"

मी बघितलं नव्हतं, नंदू. सिंधुदुर्गाच्या वाटेवरची खडपं अंधारातही ओळखणाऱ्या माणसाने मला एवढं एकच विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा जाईन तेव्हा बघून सांगतो म्हणालो. पुन्हा जाणं झालं नाही आणि गेल्या श्रावणात आबा गेले. म्हणून यावेळी मला तुझ्याबरोबर जायचं आहे. फटीवरचं पाणी खोल, म्हणून गडद असणार, आणि तिच्या दोन्ही अंगांना लाटा फुटून फेसाची पांढरी रेघ दिसणार, असा माझा अंदाज. पण ते तुझ्या डोळ्यांनी ताडायचं आहे. आबांच्या होडीवर नाळेशी तू बसायचास, मी नाही.

आता जागेबद्दल. तुलुम या शब्दाचा अर्थ माया भाषेत तट किंवा कुंपण. हे नाव मागाहून पडलेलं, जुनं नाव बहुधा झामा, म्हणजे पहाट. पूर्वेला तोंड करून, सुमारे १२ मीटर उंच कड्यावर वसलेल्या शहराला ते शोभतंही. पूर्वेकडे समुद्र आणि कडा, उरलेल्या तीन बाजूंना दगडी तट. तो ३ ते ५ मीटर उंच आणि काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत रुंद आहे. समुद्राला समांतर जाणारी बाजू जवळजवळ ४०० मीटर भरते. आत शिरायला पाचच अरुंद दरवाजे. तू आत जाशील तेव्हा दोन्ही हात पसरून बघ, दगड गार लागतो आणि बाहेरचा आवाज एकदम बुजतो. मग दुसऱ्या टोकाने उन्हात निघालं की समोर हिरवळ, करडी देवळं आणि त्यांच्यामागे ते पाणी. आपल्या किल्ल्याच्या आडवळणी दरवाजातून आत गेल्यावर लहानपणी जसं व्हायचं, तसंच काहीसं होतं.

मोठ्या इमारतीला कास्तियो म्हणतात. साडेसात मीटर उंच, रुंद पायऱ्यांची. वर चढायला बंदी आहे, त्यामुळे त्या खिडक्यांतून बघता येणार नाही. पण उत्तरेला छोट्या खाडीपलीकडे वायुदेवतेचं देऊळ आहे, त्या अंगाने कड्याशी उभं राहिलं की कास्तियोची समुद्राकडची बाजू तिरकी दिसते. तिथे आपण सगळ्यात जास्त वेळ काढायचा. बाकी दोन गोष्टी मात्र चुकवू नकोस. एक म्हणजे उतरत्या देवाचं देऊळ. दारावर चुन्यात घडवलेली मूर्ती आहे, पाय वर, डोकं खाली, जणू आकाशातून सूर मारून येतेय. कोणी त्याला मधमाश्यांचा देव म्हणतात, कोणी शुक्राच्या ताऱ्याशी जोडतात. दुसरं भित्तिचित्रांचं देऊळ. त्याच्या कोपऱ्यावर दोन्ही भिंतींत मिळून एक मोठा चेहरा घडवला आहे, नाक बरोबर कोनावर. सरळ समोरून गेलास तर तो कळतच नाही.

हे शहर भरात होतं ते साधारण तेराव्या ते पंधराव्या शतकात. आतल्या जंगलातली मोठी माया शहरं त्याआधी कधीच ओस पडली होती, तेव्हा हे बंदर गजबजलेलं होतं. मीठ, मध, सुती कापड, कोको, ग्वाटेमालाच्या डोंगरातली ज्वालामुखीची काळी काच असा माल एकसंध लाकूड कोरून केलेल्या होड्यांतून इथं यायचा. १५०२ मध्ये कोलंबसच्या माणसांना होंडुरासजवळ अशीच एक होडी भेटली, तिची हकीकत त्याच्या मुलाने लिहून ठेवली आहे. होडी आठ फूट रुंद, आत कापड, तांब्याच्या घंटा, कोकोच्या बिया. त्या बियांतली एखादी खाली पडली की सगळे वाकून उचलायला धावत, जणू कोणाचा डोळाच पडला. कोको त्यांचं नाणंही होतं. १५१८ मध्ये ग्रिहाल्वा या स्पॅनिश दर्यावर्दीची जहाजं या किनाऱ्याने गेली तेव्हा बरोबरच्या पाद्र्याने लिहिलं, की एक शहर असं दिसलं, स्पेनमधलं सेव्हिल त्याहून मोठं दिसणार नाही. ते बहुधा तुलुमच असावं असं मानतात. त्या शतकाच्या अखेरीपर्यंत मात्र ते ओस पडलं. नव्या रोगांनी माणसंच राहिली नाहीत.

एक गोष्ट वहिनींना आवर्जून सांग, कारण त्या शाळेत मुलांना सांगतील. माया लोक नाहीसे झाले हे चुकीचं आहे. युकातान द्वीपकल्पात साडेसात लाखांवर लोक आजही माया भाषा बोलतात. बसचा चालक, फेरीवरची खलाशी मुलं, फळं विकणाऱ्या बायका, यांतले कितीतरी त्यातलेच. 'दिओस बोओतिक' म्हणजे आभार. पाठ करून ये. मागच्या वेळी परतताना मी हे एका पपई विकणाऱ्या बाईंना म्हटलं, तर त्यांनी हातातला सुरा खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं आणि हसून अजून दोन फोडी ताटलीत घातल्या.

वहिनींसाठी अजून एक. आपण फेरीने जी सामुद्रधुनी ओलांडणार, तीच पूर्वी माया बायका होडीने ओलांडत, उलट्या दिशेने. कोझुमेल हे इशचेल देवीचं स्थान. बाळंतपण, विणकाम, औषधं यांची देवता. आयुष्यात एकदा तरी तिच्या दर्शनाला जावं असा रिवाज होता. या पाण्यात उत्तरेकडे जोराचा प्रवाह आहे, वल्ही मारून तो कापणं म्हणजे काय असेल याची कल्पना तूच करू शकशील.

तर तयारी. फेरीला पाऊण तास लागतो आणि बोट चांगलीच हलते. तुझा प्रश्न नाही, पण वहिनींना गोव्याच्या बोटीवर झालेला त्रास मला आठवतो. ॲव्होमिनची गोळी निघायच्या तास-दीड तास आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ती चालते का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारूनच आण. बसायचं खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा थोडं मागे, नजर क्षितिजावर. सकाळी पोट रिकामं ठेवू नये, कोरडा पाव किंवा पोळी खाऊन निघू. आलेपाक आण, इथं मिळत नाही.

घड्याळाचं नीट ऐक. एप्रिलमध्ये फ्लोरिडाचं घड्याळ तिथल्यापेक्षा एक तास पुढे असतं, कारण तुलुमचा प्रांत वर्षभर एकच वेळ पाळतो. मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो. जहाज टॅम्पाच्या वेळेवर चालत असेल, तर मोबाइलवर तीन वाजलेले दिसतील तेव्हा जहाजावर चार झालेले असतील. त्यामुळे मनगटी घड्याळ घालून ये आणि खोलीत मिळणाऱ्या पत्रकातली जहाजाची वेळ लावून ते दिवसभर बदलू नकोस. सहल मी जहाजामार्फतच घेतो आहे. बाहेरून घेतली तर स्वस्त पडते, पण आपल्याला पाणी दोनदा ओलांडायचं आहे, आणि जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर ते थांबतं. एकट्या प्रवाशासाठी थांबत नाही. वाटेत दुकानं नसलेली सहल निवडली आहे, दोनदा विचारून खात्री केली.

कागदपत्रं बघून ठेव. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असला की मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण आपण अमेरिकेतून बाहेर पडून परत येतोय, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. स्टिकरवर 'एन्ट्रीज'च्या रकान्यात 'एम' अक्षर आहे ना, ते दोघांच्याही पासपोर्टवर आजच बघ आणि मला कळव. नसेल तर आत्ता कळलेलं बरं, धक्क्यावर कळण्यापेक्षा.

ऊन मालवणच्या मे महिन्यासारखं समज. आत सावली जवळजवळ नाहीच. लांब बाह्यांचा सुती सदरा आणि काठाची टोपी, दोघांनाही. अंगाला लावायच्या क्रीमपेक्षा कापड बरं, त्यातली काही रसायनं प्रवाळाला मारतात आणि त्या प्रवाळासाठीच तर आपण चाललो आहोत. चपला नकोत, चुनखडीचा दगड झिजून गुळगुळीत झाला आहे, पकड असलेले बूट आण. ओआरएसची पाकिटं चार-सहा टाक. खाडीतल्या पुळणीवर उतरायला मिळेलच असं नाही, कधी कासवांसाठी, कधी वाहून आलेल्या शेवाळामुळे ती बंद असते. सुरू असली तर पाय भिजवू, पण त्यापायी वेळ घालवायचा नाही.

दोन तास मिळतील. वाटाड्या बोलेल ते पहिला अर्धा तास ऐकू, मग त्याला सांगून सुटू. देवळं बघून झाली की उरलेला सगळा वेळ कड्यावर. सूर्य डोक्यावर असताना पाण्याचे रंग सगळ्यात स्वच्छ वेगळे दिसतात, हे आबाच सांगायचे. आपण पोचू तेव्हा साधारण तीच वेळ असेल.

आबांची ती जुनी दुर्बीण, पितळी कड्याची, माडीवर कपाटात असायची. अजून असेल तर भिंगं पुसून, टॉवेलात गुंडाळून हातातल्या बॅगेत आण, सामानात टाकू नकोस. आणि 'एम'चं तेवढं उद्याच कळव.

वहिनींना नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं, तेही लिही.

तुझा,
सुधीर