बाबा, तारीख घेतली आहे

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न.

बाबांच्या छातीतल्या गाठीचा नमुना काढून तपासायला पुण्यात गुरुवारची तारीख मी तुम्हाला न विचारताच घेतली. रागवा, पण पत्र पुरतं वाचा.

'टीबीच्या गोळ्या सुरू करून बघू' असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी बाबांनी स्वतःचं ताट-पेला वेगळा काढला. आई, हे सांगताना तू फोनवर रडलीस. मला आत्याची पडवीतली खोली आठवली. नुसत्या अंदाजावर सहा महिने काढायचे नाहीत, हे तेव्हाच ठरलं. डॉक्टरांशीही बोलले, त्यांची हरकत नाही.

खोकला, बारीक ताप, वजन उतरणं टीबीतही असतं आणि सार्कॉइडोसिसमध्येही (जंतूंशिवाय अशाच गाठी येणारा, दुसऱ्याला न लागणारा आजार). बाबांच्या छातीतल्या गाठी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत, थुंकीत जंतू नाहीत, टीबीसाठी हातावर टोचतात ती मांटूची जागा सपाट राहिली. हे सार्कॉइडकडे झुकतं, पण टीबी नाहीच असं यावरून म्हणता येत नाही. म्हणून गाठीतला नमुना हवा. टीबीच्या गाठीचा गाभा बहुधा कुजून पनीरासारखा होतो, सार्कॉइडचा सहसा होत नाही. त्याच नमुन्यावर सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूंची झटपट तपासणी, आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, हेही होईल. कल्चरला सहा आठवडेही लागतात. एवढं थांबायचं, कारण सार्कॉइडला लागलं तर स्टेरॉइड देतात, आणि आत टीबी असताना नुसतं तेच दिलं तर जंतू फोफावतात. उलट, टीबी नसताना त्याच्या गोळ्या दिल्या तर यकृताला फुकटचा भार.

नमुना काढायची नळी तोंडावाटे श्वासनळीत जाते, गुंगी देतात, बहुतेक संध्याकाळपर्यंत घरी सोडतात. पुण्यात तुमच्यासाठी उजेडाची खोली लावली आहे, कमोड शेजारीच. उकडे तांदूळ आणून ठेवलेत, पेजेबरोबर तोरांचं लोणचंही आहे. बाबा, मला डांग्या खोकला झाला होता तेव्हा रात्र रात्र खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचात ना? आता माझी पाळी.

मडगावहून गोवा एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत. सीटीच्या फिल्म आणि जुने एक्स-रे विसरू नका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, मी विचारून कळवते. आई, कॅल्शियमच्या आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. सार्कॉइडमध्ये रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. निकाल येईपर्यंत खिडक्या उघड्या, बाबांच्या तोंडाला मास्क.

पण ताट वेगळं नको. टीबी असला तरी तो हवेतून पसरतो, ताट-पेल्यातून नाही. बाबा, आज रात्री आईच्या शेजारी जेवायला बसा, आणि जेवण झालं की मला फोन करा.

तुमची,
बाय