तुझ्या आईच्या हाताखाली

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आईच्या वर्षश्राद्धाला वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर मिळाला. सूनबाईंनी फोटो छान निवडला आहे. ‘प्रेमळ पत्नी, वत्सल माता, लाडकी आजी’ हे तू लिहिलंस ते खरंच आहे, त्यातलं काही खोडायचं नाही. पण बाळा, त्यात तिचं काम कुठेच आलं नाही. जिच्या कमाईवर आपलं घर उभं राहिलं, तू शिकलास, तिच्याबद्दल छापताना ते राहून जाऊ नये असं मला फार वाटतं. तू तेव्हा लहान होतास, नंतर अभ्यासात गुंतलास. पुष्कळ गोष्टी तुझ्या समोर घडूनही तुला कळल्या नसतील. म्हणून सविस्तर लिहितो. त्यातलं काय घ्यायचं ते तू ठरव.

लग्न होऊन ती पाटणहून लालबागला आली तेव्हा मी गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर, बदलीवर होतो. बदलीवाल्याने रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर काम मिळायचं, नाहीतर परत फिरायचं. महिन्याला हातात किती येईल याचा भरवसा नसे. शेजारच्या गाळ्यात आपल्या गावकीची माणसं राहायची. बायका-पोरं गावाकडे, इथे एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपायचे. त्यांच्यातले दोघे एकदा दारात येऊन म्हणाले, “वहिनी, आमच्या दोन वेळच्या भाकरीचं बघाल का?” तिने मला विचारलं नाही. तिथल्या तिथे हो म्हणाली. खानावळ सुरू झाली ती अशी.

गिरणगावात तेव्हा अशा खानावळी चाळीचाळीत होत्या. पाटी नाही, टेबल-खुर्ची नाही. घरातलीच चूल, घरातलीच जमीन, पंगतीला पाट. मी इतकी वर्षं साच्यावर उभा राहिलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो, या बायका नसत्या तर मुंबईच्या गिरण्या तीन पाळ्यांत चालल्या नसत्या. इतिहासाच्या पुस्तकात मालकांची नावं येतात, पुढाऱ्यांची येतात. लाखो माणसांच्या पोटात रोज गरम भाकरी कुठून पडत होती, हे फार थोड्यांनी लिहिलं.

पहिली पाळी सकाळी सातची. म्हणजे त्याआधी डबे तयार हवेत. चार वाजता नळाला पाणी यायचं तेव्हा ती उठलेली असायची. दुसऱ्या पाळीचे मेंबर, म्हणजे महिन्याने जेवणारे कामगार, दुपारी जेवून साडेतीनला आत जायचे. ते रात्री बाराला सुटले की येणार, त्यांचं झाकून ठेवायचं. तिसऱ्या पाळीची माणसं सकाळी येऊन जेवून झोपणार. भोंगा वाजला की तिचा हात आपोआप पुढच्या कामाला लागायचा. रेशनचं रॉकेल पुरत नसे म्हणून भुशाची शेगडी. भुसा ठासून भरायचं काम तुझ्याकडे होतं, आठवत असेल.

आपले घाटावरचे मेंबर भाकरी-पिठलं मागणार, कोकणातल्यांना भात आणि माशाचं कालवण हवं. तिला माहेरी मासे माहीत नव्हते. वरच्या मजल्यावरच्या मालवणच्या काकूंकडून तिने ते शिकून घेतलं, आणि नंतर त्या काकूच म्हणायच्या की हिच्या तिरफळाचा अंदाज माझ्यापेक्षा नेमका आहे. 1972 च्या दुष्काळात रेशनवर ती तांबडी मिलो ज्वारी यायची. भाकरी थापली की फाटायची, चवीला कडवट. मेंबर कुरकुरायचे. तिने थोडं गव्हाचं पीठ आणि गरम पाणी घालून ती थापायची रीत बसवली आणि दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांना शिकवली. त्याच काळात महागाईविरुद्ध मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने लाटणं मोर्चे निघाले, त्यात ती गेली होती. सकाळी ज्या लाटण्याने पोळ्या केल्या तेच घेऊन गेली आणि संध्याकाळी येऊन त्याच लाटण्याने रात्रीच्या पोळ्या लाटल्या.

आता पैशाचं सांगतो, कारण तिची हुशारी तिथे होती. मेंबर पैसे देणार पगाराच्या दिवशी, एकदम महिन्याचे. पण ज्वारी, तेल, मिरची महिनाभर आधी आणावी लागते. मधला खड्डा भरायचा कसा? वाण्याची उधारी, नाहीतर सावकार. सावकार रुपयाला महिन्याला दहा पैसे घ्यायचा. म्हणजे ती राबायची आणि नफा तो न्यायचा. त्यात 1974 चा 42 दिवसांचा संप आला. पगार नाही म्हणून मेंबरांचे पैसे नाहीत. पण संपावरच्या माणसाला ताटावरून उठवायचं हे तिला शक्य नव्हतं, आणि तिच्यासारख्या शेकडो जणींना शक्य नव्हतं. या बायकांनी जेवू घातलं म्हणून तो संप तेवढा टिकला.

हे प्रेमाताई पुरव यांनी पाहिलं. युनियनच्या कामात त्या चाळीचाळीतून फिरायच्या. 1975 साली त्यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 ला झालं होतं, गरिबांसाठी चार टक्क्यांनी कर्ज द्यायची योजनाही होती, पण तारण काय ठेवणार? घर भाड्याचं, नाव नवऱ्याचं. मग बायकांनी गट करून एकमेकींना जामीन राहायचं ठरलं. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या जबाबदार. आईच्या गटातली एक बाई आजारी पडली तेव्हा उरलेल्यांनी तिचे मेंबर वाटून घेतले, त्यांचे पैसे तिच्या नावाने भरले आणि ती बरी झाल्यावर मेंबर परत केले. कागदावर असं काही लिहिलेलं नव्हतं.

बँकेत अंगठा लावायचा नाही, असं तिने ठरवलं. तू दुसरीत होतास. तुझी पाटी घेऊन रात्री बाराच्या पंगतीनंतर ती बसायची. पहिल्यांदा तूच तिला तिच्या नावाची अक्षरं काढून दिलीस. तोवर तिचा हिशेब चिन्हांवर चालायचा. साचेवाल्याच्या नावाला मागाच्या धोट्याचं चित्र, त्रासनखात्यातल्याला सुताची बाबीन, एकाला नुसत्या मिशा, आणि पुढे जेवणांच्या रेघा. त्या वहीत एका रेघेचीही चूक कधी निघाली नाही. दीड हजाराचं कर्ज मिळालं त्या दिवशी ती घरी आली, पैसे देवापुढे ठेवले आणि लगेच सावकाराचे चुकते करून आली. परत आल्यावर एवढंच म्हणाली, “आता मिरची पोत्याने आणायची.”

18 जानेवारी 1982 तुला आठवतो. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख कामगार बाहेर पडलो. महिना-दोन महिन्यांत मिटेल असं वाटलं होतं. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि आमच्यातल्या हजारोंना गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही. मेंबर गावी गेले. जे राहिले त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. तिने पहिल्यांदा पाटल्या गहाण ठेवल्या, मग मंगळसूत्र. काळ्या मण्यांची पोत गळ्यात घालून फिरली. दोन वेळच्या ऐवजी एक वेळचं जेवण केलं, पण पंगत बंद केली नाही.

आणि मी? मी तिच्या हाताखाली कामाला लागलो. हे मला तुझ्यापुढे अभिमानाने लिहायचं आहे. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी, भायखळ्याहून भाजी, दळण, भांडी, डबे पोचवणं, सगळं. कोणत्या मासळीला कोणत्या दिवशी हात लावायचा नाही हे तिने मला शिकवलं. गिरणीत आमच्यावरच्या जॉबरने कधी इतकं नीट शिकवलं नव्हतं. चाळीत काही जण बोलायचे, पुरुष असून भांडी घासतो म्हणून. ती पाळीच्या पगारासारखी दर शनिवारी माझ्या हातावर पैसे ठेवायची. म्हणायची, काम केलंय, घ्यायचे. नोकरी गेलेल्या माझ्या बरोबरीच्या किती जणांची त्या वर्षांत वाताहत झाली ते तू पाहिलं आहेस. मी सावरलो तो त्या शनिवारांमुळे. नवऱ्याचा मान राखणं म्हणजे काय ते तिला कोणी सांगावं लागलं नाही.

तुझी व्हीजेटीआय कॉलेजची फी, ताईचं लग्न, गावच्या घरावरचे पत्रे, हे सगळं त्या चुलीतून आलं. संपातली उधारी काहींनी पुढे मनीऑर्डरने पाठवली. एका मेंबरचा मुलगा कित्येक वर्षांनी शोधत आला, वडील गेले म्हणाला, त्यांनी मरताना वहिनींचे पैसे द्यायला सांगितलं होतं. तिने वही काढली, बाबिनीचं चित्र दाखवलं, रेघा मोजल्या आणि त्यातले निम्मेच घेतले. बाकीच्यांचे राहिले ते राहिले. त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

पुढे गिरण्या बंद होत गेल्या. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. मेंबर संपले तशी ती ऑफिसांना डबे द्यायला लागली, गणपतीत पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हाच थांबली. शेवटच्या आजारपणाबद्दल लिहीत नाही, तू सगळा वेळ जवळच होतास.

तुझ्या लेकीची एक गोष्ट मात्र तुला माहीत नसेल. तिला पहिला पगार झाला तेव्हा ती पेढे घेऊन आजीकडे आली. आजीने पेढा हातात धरूनच विचारलं, खातं कोणाच्या नावावर आहे? माझ्याच, म्हटल्यावर मग खाल्ला. नंतर तासभर दोघी दार लावून बसल्या होत्या. पोरीला विचार, काय बोलणं झालं. मला दोघींनीही सांगितलं नाही.

मजकुरात ‘गिरणगावातील खानावळ चालवून संसार उभा करणाऱ्या आणि अन्नपूर्णा महिला मंडळाच्या सुरुवातीच्या काळातील सभासद’ एवढं पहिल्या ओळीत घाल. पत्नी, माता, आजी त्यानंतर येऊ दे. दोन ओळींचे पैसे वाढतील, ते मी देईन.

आता कामाचं. मोठी पातेली आणि पितळी परात मोडीत घालायची नाहीत. मागच्या चाळीत दोघी बहिणी डब्यांचा व्यवसाय करू म्हणतात, त्यांना देतो आहे. त्यांना मिरची पोत्याने घ्यायचा हिशेबही समजावून सांगितला आहे. वही मात्र माझ्याकडे आहे. तुम्ही सगळे याल तेव्हा पोरांना दाखवीन, कोणतं चित्र कोणाचं ते अजून सगळं पाठ आहे. श्राद्धाच्या दिवशी सकाळी लवकर निघा, घाटात गर्दी असते. स्वयंपाक मी करणार आहे, माशाचं दुसऱ्या दिवशी.

सूनबाईंना आशीर्वाद, नातवंडांना गोड पापा.

तुझे
नाना