केअरगिव्हरची जाहिरात जुनी, नियम नवे

महोदय,

ब्रिटनमध्ये ‘केअरगिव्हर’ची नोकरी लावून देतो, असे सांगणारे फलक कॉलेज रोड परिसरात अजून दिसतात. या कामासाठी परदेशातून थेट नवी भरती ब्रिटनने 22 जुलै 2025 पासूनच बंद केली आहे. त्याच दिवशी स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पदवी-स्तराचे काम ही सर्वसाधारण अट आली आणि किमान वार्षिक पगार 38,700 वरून 41,700 पौंडांवर गेला. त्या कामाचा ठरलेला दर याहून जास्त असेल, तर तोच धरतात. नर्सची वाट वेगळी आणि खुली आहे. एजंट नेमका इथेच घोळ घालतात.

पैसे देण्याआधी स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटवरचा (मालकाने व्हिसासाठी दिलेला नोकरीचा दाखला) चार आकडी व्यवसाय कोड पाहावा; काम नेमके कोणते, ते त्यावरून कळते. मालकाचे नाव ब्रिटन सरकारच्या परवानाधारक यादीत अक्षर न् अक्षर जुळते का, तेही तपासावे. यादी फुकट पाहता येते. सर्टिफिकेट मिळाल्यावर तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. सर्टिफिकेटचा खर्च मालकाने कामगाराच्या माथी मारायला 31 डिसेंबर 2024 पासून मनाई आहे. मग ‘सर्टिफिकेटचे’ लाखो रुपये कसले?

8 जानेवारी 2026 पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी इंग्रजीची पातळी बी-2 लागते, म्हणजे आयईएल्टीएस या इंग्रजी परीक्षेच्या चारही भागांत किमान 5.5. परीक्षा ‘यूकेव्हीआय’साठीचीच (ब्रिटनच्या व्हिसा विभागासाठीची) हवी; साधी आयईएल्टीएस देऊन आलेल्यांची फी पाण्यात जाते. ‘आधी व्हिजिटर व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’ हा सल्ला तर सरळ फसवणूक आहे, तसे बदलून मिळत नाही.

– एक वाचक, नाशिक