पासष्टी उलटली की बाई श्रीमंत होते का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शहराच्या पूर्वभागातल्या विडी कामगारांच्या घरांचे कागद रोज हाताखालून जातात. रेशनकार्ड, आधार, पासबुकाचं पहिलं पान, ज्यांच्याकडे असेल त्यांचा शाळेचा दाखला. फॉर्मही भरून देतो. कागद जितके जास्त तितका माझा गल्ला, त्यामुळे हे पत्र मी आपल्याच पोटावर पाय देऊन लिहितोय म्हणा.

गेल्या महिन्यात एक अक्का आल्या. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. कात्री आणि सूप अजून घरात आहे, पण आता हजार विड्या व्हायला त्यांना दोन दिवस लागतात. ‘लाडकी बहीण’चे 1500 रुपये यायचे ते थांबले, म्हणून पासबुक घेऊन आल्या होत्या. पासबुकात गडबड काहीच नव्हती. त्यांना 65 वर्षं पूर्ण झाली होती आणि योजना 21 ते 65 वयापर्यंतच आहे.

आधारवर त्यांची जन्मतारीख 1 जानेवारी. आमच्या भागात त्या पिढीतल्या कितीतरी बायका 1 जानेवारीलाच जन्मल्या आहेत. आधार काढणाऱ्यानं अंदाजे साल विचारलं, दिवस आणि महिना त्यानंच भरला. म्हणजे अक्कांची पासष्टी खरंच झाली, की व्हायची आहे, की कधीच झाली, देव जाणे.

मी म्हटलं, काळजी नको. पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे, तिथेही 1500च मिळतात. फॉर्म भरला. उत्पन्नाचा दाखला आला 54,000 रुपयांचा आणि अर्ज बाद झाला. श्रावणबाळला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 आहे. ‘लाडकी बहीण’ला अडीच लाख.

अक्का म्हणाल्या, “अण्णा, 1 तारखेला मी श्रीमंत झाले का?”

मला उत्तर सुचलं नाही. आपल्यालाही सुचतं का बघा. घरात दोघीच, अक्का आणि त्यांची विधवा सून. सूनही विड्याच वळते. चूल एक, दाखल्यावरचा आकडा एक. त्याच आकड्यावर सुनेला ‘लाडकी बहीण’चे 1500 मिळतात, सासूला श्रावणबाळचे नाहीत. बरं, सुनेचंही सरळ झालं असं नाही. ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीला, म्हणजे ऑनलाइन ओळख तपासणीला, नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं तेव्हा ती माझ्याच दुकानात मृत्युदाखल्याच्या प्रती काढत उभी होती.

वर्षाला 21,000 म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, तेही एकटीचे नव्हे, सगळ्या घराचे. एवढ्यात पावशेर शेंगा चटणीचा पुडा येत नाही. आणि याच सरकारनं स्वस्त धान्यासाठी शहरातल्या प्राधान्य कुटुंबाची मर्यादा 59,000 ठरवली आहे. म्हणजे अक्का धान्याच्या दुकानात गरीब, श्रावणबाळच्या फॉर्मवर सुखवस्तू. श्रावणबाळचं महिन्याचं अनुदान 600 वरून 1,000 झालं, 2023 मध्ये 1,500 झालं. ते झालं हे चांगलंच. मर्यादेचा आकडा मात्र हलवायला कुणाला सुचलं नाही. विधवांसाठी, निराधारांसाठी असलेल्या संजय गांधी योजनेतही तोच 21,000.

मग इतक्या म्हाताऱ्यांना श्रावणबाळ मिळतं कसं, असं कुणी विचारेल. दाखला ‘बसवून’ आणावा लागतो. ओळख असली, पुढे चालणारा माणूस असला, की आकडा बरोबर वीस हजारांच्या आसपास येऊन थांबतो. विड्या वळणाऱ्या बाईनं मजुरी खरी सांगितली तर ती बाद, आणि खोटी सांगितली तर सरकारी कागदावर तिच्या अंगठ्याखाली खोटं नोंदलं जातं. दुकानात बसून मी दोन्ही प्रकार पाहतो. खरं सांगणाऱ्याचा अर्ज बाद होताना पाहिला की पुढच्याला खरं सांगा म्हणायची मलाच लाज वाटते.

तिजोरीवर भार पडतो, हे मान्य. पण या बायका 64 व्या वर्षी याच तिजोरीतून हेच 1500 घेत होत्या. भार नवा कुठे आहे? उलट वय वाढलं, हात चालेनात, तेव्हाच पैसे थांबतात. संविधानाच्या 41 व्या अनुच्छेदात म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत राज्यानं साहाय्य करावं असं लिहिलंय. ऐपतीच्या मर्यादेत, हेही लिहिलंय. पण ऐपत 65 व्या वर्षापर्यंत असते आणि दुसऱ्या दिवशी संपते, हे 14 व्या अनुच्छेदातल्या समानतेत कसं बसवायचं, ते एखाद्या वकील वाचकानं सांगावं.

हातांचं आणखी एक. वर्षानुवर्षं तेंदूपत्ता गुंडाळून आणि दोरा बांधून बोटांच्या रेषा पुसल्या जातात. धान्याच्या दुकानात यंत्रावर अक्का आधी अंगठा ठेवतात, मग तो केसांतून फिरवून थोडं तेल लावतात, मग पदराला पुसतात, मग दुसऱ्या हाताचं बोट. मागे रांग कुरकुरते. यंत्राला बोट कळलं नाही म्हणून लाभ नाकारू नये, ओळख पटवायला दुसरा मार्ग द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात म्हटलं होतं. आमच्याकडे दुसरा मार्ग म्हणजे “उद्या या, सकाळी बोटं ओली असतात.”

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांचं 10,000 घरांचं घरकुल उभं राहिलं, असंघटित कामगारांची रे नगर वसाहत झाली, ते लोकांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलं. त्या मानानं हे काम एका शासन निर्णयाचं आहे. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनांची उत्पन्नमर्यादा ‘लाडकी बहीण’इतकी करा. ते जड वाटत असेल तर निदान प्राधान्य रेशनकार्ड हाच उत्पन्नाचा पुरावा माना, कारण ते कार्ड सरकारनंच तपासून दिलेलं आहे. आणि पासष्टी पूर्ण होणाऱ्या बाईचं नाव एका यादीतून काढताना दुसऱ्या यादीत आपोआप घाला. नाव, आधार, बँक खातं, सगळं त्यांच्याकडे आहेच. तिला पुन्हा माझ्या दुकानात कशाला पाठवता?

अक्कांचा अर्ज पुन्हा भरायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. कोपऱ्यावरचा एक जण 20,000चा दाखला आणून देतो म्हणालाय, 1500 घेऊन. त्या विचार करतायत.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक,
अक्कलकोट रस्ता, सोलापूर